मुद्रितशोधनासाठी थिंकपॅड टी१४ आणि डेलचा २७ इंची फोर-के मॉनिटर : पहिले दहा दिवस

माझं काम मराठी मजकुराचं मुद्रितशोधन, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास डोळे अक्षरांत घातलेले, त्यामुळे लॅपटॉपचा प्रोसेसर किती भारी यापेक्षा मला अनुस्वार दिसतोय का हे महत्त्वाचं. जुना सेटअप होता २४ इंची फुल एचडी मॉनिटर. आता लॅपटॉप थिंकपॅड टी१४ जेन ५ घेतला आणि मॉनिटर डेल यू२७२३क्यूई.

आधी लॅपटॉप उरकते. कीबोर्ड अप्रतिम आहे, इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी) भराभर टाइप करायला एकदम मस्त. जुन्या थिंकपॅडला खालच्या डाव्या कोपऱ्यात एफएन (फंक्शन) की असायची आणि कंट्रोल की तिच्या शेजारी, आता कंट्रोल कोपऱ्यात आलंय त्यामुळे बाकीच्या कीबोर्डसारखी सवय चालते. स्क्रीन १६:१० आहे, त्यामुळे वर्डमध्ये दोन-तीन ओळी जास्त दिसतात. बस, लॅपटॉपचं एवढंच.

खरी गंमत मॉनिटरची. २७ इंचांत ३८४० बाय २१६०, म्हणजे इंचाला साधारण १६३ पिक्सेल, माझ्या जुन्याला ९२ होते. हा फरक आकड्यात कळत नाही, अक्षरात कळतो. 'शुद्ध' आणि 'शुध्द' घ्या. जुन्या स्क्रीनवर १२ पॉइंटमध्ये द ला ध जोडलाय की ध ला द, हे बघायला प्रत्येक वेळी झूम करावं लागायचं आणि कंटाळा आला की एखादा सुटायचाच. इथे नुसतं वाचता वाचता खटकतो. तसंच 'दुसऱ्या' मधला र. तो नीट वळलेला ऱ्य आहे की कुणी रफार देऊन 'दुसर्या' करून ठेवलाय, लगेच दिसतं. पहिल्याच दिवशी आधी दोनदा वाचून झालेल्या दिवाळी अंकाच्या कथेत मला असे चार सापडले, वाईट वाटलं पण बरंही वाटलं.

ए४ ची समोरासमोरची दोन पानं याच्यावर खऱ्या मापात बसतात, मी छापील पान स्क्रीनला लावून बघितलं, कडेला कड जुळली. पॅनल आयपीएस ब्लॅक आहे, म्हणजे नेहमीच्या आयपीएस एलसीडी पॅनलचा जास्त गडद काळा दाखवणारा प्रकार, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) २०००:१, नेहमीच्या आयपीएसला साधारण १०००:१ असतो, त्यामुळे काळी अक्षरं राखाडी वाटत नाहीत. ६० हर्ट्झच आहे, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळाच ताजं होतं, पण वाचनाला त्याने काय फरक पडतो. यूएसबी-सीची एकच वायर लावली की चित्रही येतं, ९० वॉटपर्यंत चार्जिंगही होतं, आणि मॉनिटरला नेटची वायर लावून ठेवली की लॅपटॉपला इंटरनेटही तिथूनच, चार्जर बॅगेतून बाहेरच काढलेला नाही.

दोन गोष्टींनी मात्र दमवलं. माझ्या टेबलाला जरा लांब वायर हवी म्हणून जवळच्या दुकानातून यूएसबी-सी केबल आणली, दुकानदार म्हणाला सगळं चालतं ताई, तर चार्जिंग सुरू आणि स्क्रीन काळी. ती फक्त चार्जिंगची होती. संध्याकाळ त्यात गेली, आधी मला वाटलं मॉनिटरच बिघडलाय. घेताना व्हिडिओ चालतो का हे स्पष्ट विचारा, आणि शक्यतो दुकानातच लावून बघा.

दुसरं म्हणजे विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे सगळं किती मोठं दाखवायचं ते, १५० टक्के ठेवलं तर नवे प्रोग्राम सुरेख दिसतात पण मी वापरते ते एक जुनं डीटीपी (पानं लावायचं) सॉफ्टवेअर पुसट दिसायला लागलं, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तेच धुरकट. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयचं सेटिंग आहे, त्यात स्केलिंग अ‍ॅप्लिकेशनकडे दिलं की अक्षरं टोकदार होतात, पण मेनू बारीक होतात. मी बारीक मेनू पत्करले.

मॉनिटर उभाही फिरतो. कालपासून तसा फिरवून गॅली (पानं पाडण्याआधीची सलग कॉलमातली प्रुफं) वाचतेय, लांबच लांब कॉलम एका नजरेत येतोय, मान मात्र जरा वर करावी लागते म्हणून स्टँड अगदी खाली घेतलाय.