मापट्याचे ग्रॅम करून देणारा काटा

लेक पुण्याला नोकरीला लागल्यापासून येसराचा, म्हणजे आमटीसाठी धान्य-मसाले भाजून दळलेल्या पिठाचा, डबा लातूरहून जातो. यंदा तिनं हट्टच धरला, ‘आई, मीच करते, तू फक्त ग्रॅममध्ये सांग.’ आमच्या घरी येसराचं सामान मापट्यानं घेतात, ग्रॅम कुठून सांगणार? म्हणून गंजगोलाईतल्या एका भांड्यांच्या दुकानातून डिजिटल काटा आणला. ७५० रुपये. ५ किलोपर्यंत तोलतो, १ ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन बारीक सेलवर चालतो. चार महिने रोज वापरतेय आणि घ्याच म्हणून सांगेन, पण त्याचं एक बटण सोडून.

आधी मापटंच तोललं. रिकामं पितळी मापटं ठेवलं, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. ५२० ग्रॅम. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, तेव्हा आमचं मापटं ५२० मिलीचं. मग त्याच मापट्यात एकेक जिन्नस घेतला. गहू ४०५ ग्रॅम, हरभऱ्याची डाळ ४३०, आणि धने फक्त १७०! धने आतून पोकळ, जागा अडवतात पण वजन नाही. मी तर फोनवर ‘मापटं म्हणजे अर्धा किलो धर’ असं सांगून बसले होते. तसं केलं असतं तर धने जवळजवळ तिप्पट पडले असते आणि आमटीची चवच गेली असती.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, काठाबरोबर कुणी मापतंय का? शीग लावून मोज की.’ शीग लावली तर गव्हाचे ४०५चे ४४० झाले. आता वहीत शिगेचेच आकडे लिहिलेत.

बेसनाची गंमत वेगळीच. तीच वाटी भुरभुरून भरली तर ९० ग्रॅम, ठोकून भरली तर ११५. एका दिवाळीला लाडू बसतात आणि दुसऱ्या दिवाळीला दगड होतात, त्याचं कारण मला या काट्यानं दाखवलं.

आता ते बटण. काट्यावर ‘मिली’ आहे, त्यावर अजिबात विसंबू नका. १ लिटर तेलाची पिशवी पातेल्यात रिकामी केली. ९०९ ग्रॅम. पिशवीवर ९१० छापलंय, म्हणजे तोल चोख. मग बटण दाबून मिली केलं, तरी ९०९च! हा काटा सगळ्यालाच पाणी समजतो. तेल पाण्याहून हलकं, मध जड. १०० मिली मध १४० ग्रॅमच्या आसपास भरतो. या बटणावर १०० आकडा आला की थांबलात तर मध जेमतेम ७० मिली हाती येईल. दुकानात नेमकं हेच बटण कौतुकानं दाखवलं होतं, त्याचा मला राग आहे. पातळ पदार्थाला मापाचा पेलाच घ्या.

मोठी परात ठेवली की आकडा खाली झाकला जातो, तेव्हा आधी उंच डबा ठेवून शून्य करते. दोन मिनिटं हात लावला नाही तर काटा बंद पडतो, म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन लिहून ठेवायची सवय लावलीय. हिंग, दगडफूल असं दोन-तीन ग्रॅमचं काही त्याला नीट धरता येत नाही. त्यासाठी लेकीला चमचेच सांगितले, छोटा ५ मिलीचा, मोठा १५चा.

तिनंही तिकडे काटा घेतला. मागच्या रविवारी भाजलेल्या सामानाचा फोटो पाठवला. सासूबाईंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘धने कच्चे राहिलेत गं, अजून वास सुटला नसंल.’ मग व्हिडिओ कॉल लावून मी इकडे कढईत मूठभर धने भाजले, तिनं तिकडे.