1965 ची कॉर्व्हेअर मोन्झा: आठ महिने चालवल्यानंतर

एप्रिलमध्ये घेतलेली शेवरले कॉर्व्हेअर परवा झाकून ठेवली. मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की जुन्या पत्र्याची खैर नसते. विलो रनचा कारखाना, जिथे बहुतेक कॉर्व्हेअर तयार झाल्या, त्याची जागा घरापासून अर्ध्या तासावर. त्यामुळे ही मला इथलीच लेक वाटते.

इंजिन मागे, डिकी पुढे. 2.7 लिटर, 110 हॉर्सपॉवर, चार गिअर. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे. रेडिएटर नाहीच, इंजिन हवेवर थंड होतं. दोन्ही बाजूंना एकेक कार्ब्युरेटर. त्यांचा मेळ बिघडला की गाडी सिग्नलला थरथरते.

सगळा जीव मात्र फॅन बेल्टात. क्रँकची पुली उभी, पंखा वर आडवा, म्हणून पट्टा मधल्या दोन पुल्यांवरून काटकोनात वळतो. जुलैमध्ये हायवेवर फॅनचा लाल दिवा लागला आणि तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली. पट्टा तुटला होता. तशीच पुढे रेटली असती तर इंजिन भाजलं असतं. जादा पट्टा आणि पाने जवळ होते म्हणून अर्ध्या तासात निघालो. नवा पट्टा फार ताणू नका, पुलीचं बेअरिंग जातं.

दुसरं, टायरमधली हवा. सुरुवातीच्या कॉर्व्हेअरसाठी कंपनीनं पुढे 15 आणि मागे 26 पीएसआय सांगितलं होतं, कारण वजन मागे. एका टायरवाल्यानं माझ्या चारही चाकांत सारखी 32 भरून दिली आणि पुढच्याच वळणावर मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटली. आता रेडियल टायरना पुढे 20, मागे 28 ठेवतो, तेही स्वतः मोजून. वळणावर धोकादायक म्हणून कॉर्व्हेअरची बदनामी झाली ती मुख्यतः 1963 पर्यंतच्या मॉडेलांची. त्यांची मागची चाकं जोराच्या वळणात आत दुमडू शकत. 1965 ला मागचं सस्पेन्शन पूर्ण बदललं आणि फरक हातांना कळतो: स्टिअरिंग हलकं, वळणावर गाडी शांत.

तेलगळती हा जुनाच आजार. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) बारा नळ्यांच्या दोन्ही टोकांची रबरी वायसरं कडक होतात, तेल गरम सिलिंडरवर ठिबकतं, आणि हीटर त्याच सिलिंडरांवरची हवा आत आणतो, म्हणून वास थेट नाकात. सप्टेंबरात चोवीसच्या चोवीस वायसरं व्हिटॉनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराची, घातली. ऑक्टोबरच्या थंडीत पहिल्यांदाच हीटर लावून काचा बंद ठेवल्या, आणि बायको शेजारी निवांत झोपली.