डोलो की कॉम्बिफ्लॅम? पावसाळी तापात गोळी निवडताना

ऑगस्टात अंग मोडून येतं, थर्मामीटर १०२ दाखवतो आणि नाक्यावरचा केमिस्ट विचारतो, "डोलो देऊ की कॉम्बिफ्लॅम?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: जी स्ट्राँग असेल ती द्या. पण या दोन गोळ्यांत फरक ताकदीचा कमी आणि कामाच्या जागेचा जास्त आहे.

डोलो, क्रोसिन, कॅलपॉल ही सगळी पॅरासिटामॉलची नावं. त्याचं काम मुख्यतः मेंदूत चालतं. ताप उतरतो, दुखणं बोथट होतं, पण सूज जवळपास तशीच राहते. कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतंच, वर ४०० मि.ग्रॅ. आयब्युप्रोफेन. हे आयब्युप्रोफेन अंगभर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनणं रोखतं. ताप, वेदना आणि सूज या तिन्हींमागे प्रोस्टाग्लँडिन असतं, म्हणून आराम ठळक वाटतो. अडचण अशी की जठराचं अस्तर सांभाळणं आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त खेळतं ठेवणं हेही प्रोस्टाग्लँडिनचंच काम. शिवाय रक्त थांबवण्यासाठी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, ती क्रियाही आयब्युप्रोफेनमुळे काही तास मंदावते.

आता हे मुंबईच्या पावसाळ्याशी जुळवून बघा. डेंगीत प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात, त्यात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. लेप्टोत (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये) मूत्रपिंडं धोक्यात असतात, तिथेही आयब्युप्रोफेन नकोच. पहिल्या दोन दिवसांत ताप कशाचा आहे हे कुणालाच चेहरा बघून सांगता येत नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल, यावर आमचं दुमत नाही. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मि.ग्रॅ.ची एक गोळी घ्यावी, पुढची किमान चार ते सहा तासांनी. साचलेल्या पाण्यातून चालला असाल, तर ताप नसतानाही ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. आणि डेंगीत चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून लगेच लोकल पकडू नका, कारण धोक्याचा काळ बहुतेक तेव्हाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

मग आयब्युप्रोफेन कधी? मुरगळलेला घोटा, दाढेचा ठणका, पाळीतल्या कळा. इथे सूज किंवा प्रोस्टाग्लँडिन हेच दुखण्याचं मूळ असतं आणि पॅरासिटामॉल कमी पडतं. २०० ते ४०० मि.ग्रॅ. जेवणानंतर, सहा ते आठ तासांनी. स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला १२०० मि.ग्रॅ. ही हद्द, म्हणजे कॉम्बिफ्लॅमच्या तीन गोळ्यांत ती संपली. श्रावणी सोमवारी रिकाम्या पोटी घेतलेली गोळी संध्याकाळी पोटात जळजळ दाखवते. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण, पेनकिलरने उसळणारा दमा यांपैकी काही असेल तर ती नकोच. बीपीच्या गोळीबरोबर लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आयब्युप्रोफेन हा तिसरा घाव थेट मूत्रपिंडावर बसतो. हृदयासाठी ७५ मि.ग्रॅ. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ते त्या अ‍ॅस्पिरिनचा असरही कमी करू शकतं.

डिस्प्रिन अ‍ॅस्पिरिनच आहे. त्याचा प्लेटलेट्सवरचा परिणाम आठवडाभर ते दहा दिवस टिकतो, तेव्हा पावसाळी तापात ती डब्यातच राहू द्या, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तर नाहीच. डायक्लोफेनॅकही आयब्युप्रोफेनच्याच कुळातलं. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन देशभरातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन संपत गेली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण मलबार हिलच्या डुंगरवाडीला, जिथे पारशी आपले मृतदेह गिधाडांच्या हवाली करत, तोवर उशीर झाला होता. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरं. अवयव मात्र तोच.

याचा अर्थ पॅरासिटामॉल निरुपद्रवी असा घेऊ नका. यकृतात त्याचा थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलंच ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते विष निकामी करतं. डोस हद्दीबाहेर गेला की ग्लुटाथायोनचा साठा आटतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही, आणि उतारा पहिल्या आठ तासांतच सर्वांत नीट लागू पडतो. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल. वजन ५० किलोच्या आत असेल तर त्याहून कमी. रोज दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने २ ग्रॅमवर थांबून डॉक्टरांना विचारावं.

ही हद्द ओलांडली जाते ती बहुतेक नकळत. दिवसाला चार डोलो म्हणजे २६०० मि.ग्रॅ. सोबत सर्दीच्या तीन गोळ्या, ज्यांच्यात अनेकदा प्रत्येकी ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. झाले ४१०० आणि रुग्णाला वाटतं, आपण दोन वेगवेगळी औषधं घेतोय. म्हणून नाव नाही, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. केमिस्टने कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या तर नेमका तोच मजकूर आणि एक्सपायरी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. जागेवरच मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या.

मुलांच्या सिरपमध्ये घोळ आणखी मोठा. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १५ मि.ग्रॅ., म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८०. पाच मि.ली.त १२० असलेल्या बाटलीतून ते साडेसात मि.ली. होतं, पाच मि.ली.त २५० असलेल्या बाटलीतून साडेतीनच्या जरा वर. ड्रॉप्समध्ये तर बऱ्याचदा एकाच मि.ली.त १०० असतात. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून पाच मि.ली.चा चमचा भरला, तर ५०० मि.ग्रॅ. एका घोटात पोटात जातात. "प्लस" लिहिलेल्या सिरपमध्ये बहुधा आयब्युप्रोफेनही असतं. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका; बाटलीबरोबरचं मापाचं झाकण हरवलं असेल तर सुई नसलेली सिरिंज कुठल्याही केमिस्टकडे मिळते.