पणजी की म्हापसा: बाजाराला कुठे जाल?

गोव्यात घर भाड्याने घेऊन राहणारे नातेवाईक आले की पहिल्या दिवशी फोन येतो: बाजार करायला पणजीत जाऊ की म्हापशाला? मी सावंतवाडीची, लग्न होऊन बावीस वर्षं पणजीत आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. आज रात्री काय शिजवायचं एवढाच प्रश्न असेल तर पणजी. वर्षभराची बेगमी करायची असेल तर म्हापसा, आणि तेही शुक्रवारी.

पणजीचा महापालिका बाजार मांडवी नदीपासून हाकेच्या अंतरावर, डोक्यावर पक्कं छप्पर. पावसात भिजत, चिखल तुडवत भाजी घ्यावी लागत नाही, हे जून-जुलैत फार मोलाचं. आठवड्याचे सगळे दिवस जाग असते, त्यामुळे अमुक वाराची वाट बघायची गरज नाही. नारळ, केळी, ताजी भाजी, फुलं सगळं मिळतं. पण मी तिथे जाते ती मासळीसाठी.

सकाळी लवकर जा. ओळीने बसलेल्या बायका हाक मारतात, "घे गो बाये, ताजें आसा!" घाई करू नका. बांगड्याचा कल्ला उचलून बघा: लालभडक असला आणि डोळा काचेसारखा स्वच्छ, फुगीर असला तर घ्या. डोळा आत गेलेला, पांढुरका दिसला तर पुढच्या पाटीकडे वळा, कुणी रागावत नाही. बारीक मासळी वाट्यावर मिळते, इसवण (सुरमई) आणि चणक (जिताडा) मोठे असतात, ते कापून घ्यायचे. कापणारी बाई विळीवर एका लयीत तुकड्या पाडते. तिला तळायला की हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, ते आधीच सांगा, तुकडी त्याप्रमाणे जाड-पातळ होते. डोकं मागून घ्या, आमटीला तेच लागतं.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा इसवण मागण्यात अर्थ नाही. नदीखाडीचे शेवटे मासे आणि खुबे, तिसऱ्या या शिंपल्या विचारा. मला तरी पावसातल्या तिसऱ्यांपुढे इसवण फिकी वाटते.

म्हापशाची गोष्ट वेगळी. बाजार इतर दिवशीही भरतो, पण शुक्रवारी आजूबाजूच्या गावांतून बायका आपापलं पिकवलेलं घेऊन येतात आणि गल्ल्या भरून जातात. ऊन लागतं, गर्दी अंगावर येते, लहान मूल सोबत असेल तर हात सोडू नका. पण तिथे जे मिळतं ते पणजीत शोधत बसावं लागतं: माळांसारखी लटकणारी चोरिसं (डुकराच्या मांसाची गोव्याची सॉसेजेस), माडाचा काळा गूळ, सुकी मासळी, मातीची भांडी, जवळच्याच मयडे गावची जाडजूड केळी. मिरचीला मी तिथेच जाते. पेडण्याकडची हरमल मिरची मागा, आणि काणकोणची खोल्याची दिसली तर तीही घ्या. खोल्याच्या मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दोन्ही नावं घेऊन विचारा, नुसतं "लाल मिरची" म्हटलंत तर बेडगी हातात येईल. बेडगी वाईट नाही, पण त्यासाठी इथवर यायला नको.

आमसुलं घेताना एकदा मी घाई केली होती. ओलसर होती, वरून छान काळी दिसत होती. महिन्याभरात बरणीला बुरशी आली. आता बोटांत दाबून बघते. चिकट असावीत, पाणी सुटता कामा नये.

मानकुराद आंबा दोन्हीकडे मिळतो, पण एप्रिलच्या सुरुवातीला भाव ऐकून दचकाल. मेच्या मध्यापर्यंत थांबलात तर खिशाला झेपेल. चतुर्थीच्या आधी मात्र दोन्ही बाजार बघण्यासारखे होतात. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायची कांगणी, कवंडळं आणि कितीतरी रानफळं डोंगरातून येतात. गोव्याचं रान किती भरलेलं आहे ते तेव्हा कळतं.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर दोन्ही शहरांत तेराएक किलोमीटरचं अंतर, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, शटल बस सारख्या सुटतात. म्हापशात स्टँडवरून चालत बाजारात पोचता. पणजीत स्टँड एका टोकाला, बाजार दुसऱ्या टोकाला, रिक्षा किंवा गावातली बस घ्यावी लागते. एकाच शुक्रवारी दोन्ही करायचे असतील तर आधी म्हापसा गाठा, पण मासळी तिथे घेऊ नका, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीतून आणा. दुपारच्या उन्हात बसमधून आणलेल्या बांगड्याचं काही खरं नसतं.