डिझेल की बॅटरी? गोडाऊनसाठी फोर्कलिफ्ट घेण्याआधी

माझ्या मित्राची जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहे. ३ टन उचलणारी फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन काट्यांवर माल उचलणारी गाडी) घ्यायचीय, डिझेल की बॅटरी यावर अडलाय. तो डिझेलचा भाव मोजत होता. मी म्हटलं, आधी गोडाऊनमध्ये फिरणारे पाय मोज.

उघड्या आवारात डिझेलच. हवेच्या टायरांवर ती खडीतून, पावसातून ट्रकपर्यंत बिनघोर जाते. बॅटरीवालीचे टायर बहुधा भरीव, तिला गुळगुळीत कोबा लागतो. खड्ड्यात चाक गेलं की वर उचललेला माल डुलतो.

शेडमध्ये उलटं. पावसाळ्यात शटर अर्धं ओढलं की डिझेलचा धूर पत्र्याखाली साचतो, हमालांचे डोळे चुरचुरतात. बॅटरीला धूर नाही, पण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती जागा हवेशीर हवी, आणि तिथे बिडी बंद. (हे रोज सांगावं लागतं.)

बॅटरीचा खरा धोका तिचा शांतपणा. डिझेलची धडधड ऐकून माणूस आपसूक सरकतो. ही पाठीशी आली तरी कळत नाही. रिव्हर्सचा भोंगा आणि जमिनीवर निळा उजेड पाडणारा दिवा लावूनच घ्यावी.

मी पाहिलेला अपघात डिझेलवालीचा, पण बॅटरीवालीनेही तेच केलं असतं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. काटे डावीकडे गेले की मागचं जड बूड झपकन उजवीकडे फिरतं. थप्पीला टेकून एक हमाल तंबाखू मळत होता, चालकाची नजर काट्यांवर. पाऊल थप्पीशी चेपलं गेलं. चप्पल तुटून लांब पडली, तंबाखू मात्र मुठीतच.

कलंडतानाही दोघी सारख्याच. चालकाने उडी मारली की वरचा सांगाडा त्याच्यावरच येतो. बेल्ट लावून, स्टीअरिंग घट्ट धरून बसून राहायचं. मे महिन्यातल्या जळगावात बेल्ट नकोसा होतो, कबूल.

मित्राचा माल दिवसभर आतच फिरतो, कोबाही चांगला. त्याने बॅटरीच घ्यावी. जिनिंगवाला असता, कापसाच्या १७० किलोच्या गाठी आवारातून ट्रकवर चढवणारा, तर डिझेल सांगितली असती, तीही सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी बसवून.

आणि गाडी यायच्या आधी हमालांच्या वाटेचा पिवळा पट्टा मारून घे, म्हटलं. त्याने विचारलं, ‘किती रुंद भो?’

पाठीवर पोतं घेतलेले दोघं समोरासमोर निघून जातील, एवढा.