सोनटक्का लावावा की निशिगंध?

दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींचा वास तिन्हीसांजेला दरवळणारा, आणि एकदा जमिनीत गेली की दोन्ही वर्षानुवर्षं टिकणारी. त्यामुळे मे महिन्यात, कंद लावायच्या दिवसांत, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. पुढे लगेच, "वास कुणाचा जास्त छान?" वासावरून ठरवायचं नसतं हो. आधी दोघांची नातीगोती बघा.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. पूर्व हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या, दमट भागातला. निशिगंध (फुलबाजारात गुलछडी) मूळचा मेक्सिकोचा. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याला घायपाताच्याच वंशात धरतात. म्हणजे एक आल्याचा भाऊबंद, दुसरा घायपाताचा. एकाला ओल आणि पातळ सावली लागते, दुसऱ्याला रखरखीत ऊन आणि पाण्याचा चटकन निचरा. पुढची सगळी निगा यातूनच येते.

कोकणात जुन्या घरांच्या मागे, न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे अळू, कर्दळ आणि त्यांच्यासोबत सोनटक्का दिसतो. ती जागा कुणी पुस्तकात वाचून निवडलेली नाही, पण तीच बरोबर आहे. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली आणि पायाशी कायम ओल. असं मिळालं तर झाड माणसाच्या उंचीचं होतं आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गौरी-गणपतीच्या सुमारास फुलायला लागतं. फूल टिकतं जेमतेम एक दिवस, पण एकाच कणसातून रोज नवी फुलं निघत राहतात. फुलपाखरासारखा आकार म्हणून क्यूबात याला मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात. ते त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. आपण पांढऱ्याशुभ्र फुलाला सोनटक्का का म्हणतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी हाच सोनटक्का पुण्यात पश्चिमेच्या गच्चीत, 10 इंची कुंडीत लावला होता. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, दिवसातून दोनदा पाणी घालूनही माती कोरडीच. दोन वर्षांत एक फूल नाही. कुंडीतच लावायचा असेल तर 16 इंचांहून लहान घेऊ नका, आणि कंद खोल पुरू नका. आल्यासारखा आडवा, वरवर, डोळे वर करून ठेवा. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापायचा, तो पुन्हा फुलत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर बेट फोडून शेजाऱ्यांना वाटायचं. न वाटलंत तर ते स्वतःच पसरतं. हवाईत आणि ब्राझीलमध्ये तर ते डोकेदुखी झालंय.

त्याच गच्चीत निशिगंध मात्र मजेत राहिला. त्याला दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवं. मातीत वाळू आणि शेणखत मिसळायचं, कंद दोन इंच खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. लावल्यापासून तीन-चार महिन्यांत दांडा येतो. कंद घेताना हात आखडू नका. एका नर्सरीने मला बोराएवढे कंद दिले होते, वर्षभर नुसतं गवत वाढलं. सुपारीएवढा तरी कंद हवा. एक कंद एकदाच फुलतो, मग त्याला पिल्लं होतात. तिसऱ्या वर्षी गर्दी होऊन दांडे बारीक पडतात, तेव्हा सगळं उकरून मोठे कंद वेगळे लावायचे. सोनटक्क्यापेक्षा हे काम जास्त, हे मान्य.

निशिगंधात सिंगल (पाकळ्यांची एकच रांग) की डबल (पाकळ्यांच्या अनेक रांगा) हेही ठरवावं लागतं. गजरा, वेणी, देवाचा हार यासाठी सिंगल. वासही त्याचाच जास्त. फुलदाणीसाठी डबल. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या वाणांपैकी 'शृंगार' सिंगल आहे, 'सुवासिनी' डबल. खालची एक-दोन फुलं उमलली की दांडा कापायचा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलत जातात. सोनटक्क्याचं हे सुख नाही. तो कापून आणला की दुसऱ्या दिवशी मान टाकतो.

कोकण-गोव्याच्या पावसात मात्र निशिगंधाची खरी परीक्षा. जमिनीत लावला आणि पाणी तुंबलं तर बुडाशी कूज लागते, पान ओढलं की हातात येतं. तिथे उंच वाफा करा, किंवा कुंडी पागोळ्यांपासून लांब ठेवा.

फ्लॅट असेल आणि ऊन भरपूर, तर निशिगंध घ्या, फार विचार करू नका. अंगण असेल आणि नळाशी किंवा विहिरीशी एखादा ओला कोपरा रिकामा असेल, तर माझं मत सोनटक्क्याला. उत्तरेकडच्या, अजिबात ऊन न येणाऱ्या बाल्कनीत दोन्ही नकोत. तिथे पानांची झाडं लावा आणि गजरा विकत आणा.