चाळीसेक रेपो आणि एक एमआर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात गिऱ्हाईक वाढलं की रेपो (गिटसारख्या टूलने बदलांचा इतिहास सांभाळलेले कोडचे फोल्डर) वाढतात, आणि रेपो वाढले की कुठल्या फोल्डरात काय अर्धवट पडलंय हे कुणाच्याच ध्यानात राहत नाही. ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. कामं पतसंस्थांची, मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची, एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याची. मूळ कोड एकच. पण एका संस्थेला खातेउतारा आडवा हवा, दुसरीला उभा, तिसरीच्या व्याजाचा हिशेब संचालक मंडळाच्या ठरावागणिक बदलतो. त्यामुळे प्रत्येकीचा रेपो वेगळा. त्यात छपाईचं, एसएमएसचं, बॅकअपचं धरलं तर आकडा चाळीसच्या आसपास जातो. हे सगळं सांभाळायला मायरेपोज हे टूल वापरायला लागून आता बरेच महिने झाले.

पॅकेजचं नाव मायरेपोज, टर्मिनलवर मारायची कमांड मात्र एमआर. लिहिणारा जोई हेस, म्हणजे गिट-अ‍ॅनेक्स आणि एटसीकीपर ही टूल ज्याची तोच. पर्लमध्ये लिहिलंय, फुकट आहे, डेबियन-उबंटू लिनक्सवर आप्ट या इन्स्टॉलरने दोन मिनिटांत बसतं. काम अगदी साधं: नोंदवलेल्या प्रत्येक फोल्डरात जायचं, तुम्ही हाताने मारली असती तीच कमांड मारायची आणि शेवटी हिशेब द्यायचा, इतके ठीक, इतके फसले, इतके वगळले. स्वतःची अक्कल चालवत नाही. मला तेच आवडलं.

नोंदणी करायला रेपोच्या फोल्डरात जाऊन ‘एमआर रजिस्टर’ म्हणायचं. होम फोल्डरातल्या डॉट एमआरकॉन्फिग नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये चौकोनी कंसात फोल्डरचा पत्ता येतो आणि खाली ‘चेकआउट बरोबर गिट क्लोन अमुक’ अशी एक ओळ (क्लोन म्हणजे सर्व्हरवरून रेपो उतरवणं). बस्स. ना डेटाबेस, ना एक्सएमएल. गूगलने अँड्रॉइडसाठी केलेलं रेपो नावाचं टूल पाहिलं होतं, पण त्याची एक्सएमएलची मॅनिफेस्ट (रेपोंच्या यादीची) फाईल आमच्या टोळीला झेपली नसती. गिट सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपोच्या आत दुसरा रेपो, पूर्वी वापरलेत. त्यात आतला रेपो एका ठरावीक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) खिळलेला असतो आणि नवीन पोरगं डिटॅच्ड हेडवर, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर (कामाच्या फांदीवर) नसताना, कमिट करून बसतं. मग ते कमिट शोधण्यात दुपार जाते.

गिता हे पायथनमधलं टूलही वापरून पाहिलं. त्याचं ‘गिता एलएल’ बघायला झकास: कुठला रेपो कुठल्या ब्रँचवर, कशात बदल आहेत, सगळं रंगांत एका नजरेत. पण नावाप्रमाणे ते गिटचंच. आमचा वजनकाट्याचा जुना कोड अजून सबव्हर्जन या गिटआधीच्या टूलमध्ये आहे. तो गिटवर आणायचं दर दिवाळीनंतर ठरतं आणि गळीत हंगाम सुरू झाला की मागे पडतं. एमआरला गिट, सबव्हर्जन, मर्क्युरिअल, काही चालतं. ‘एमआर अपडेट’ म्हटलं की एका ठिकाणी गिट पुल होतं (सर्व्हरवरचे नवे बदल खाली येतात), दुसरीकडे सबव्हर्जनचं एसव्हीएन अपडेट. माझ्यासाठी निवड तिथेच संपली.

अपडेटचं कौतुक सगळेच करतात, पण माझा जीव आहे ‘एमआर स्टेटस’वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकापर्यंत नव्हे, त्याच्याही पुढे आलं, तेव्हा सांगलीतल्या प्रत्येक तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला एक गोष्ट कळली: पुश न केलेला (सर्व्हरवर न चढवलेला) कोड म्हणजे नसलेला कोड. तेव्हापासून संध्याकाळी घरी जाण्याआधी सगळं वर गेलंय का हे बघायचा नियम आहे. पूर्वी तो नियम भिंतीवर होता, आता टर्मिनलवर आला.

मी ‘एमआर मायनस एम स्टेटस’ मारतो. मायनस एम लावलं की ज्या रेपोत सांगण्यासारखं काही नाही तो मुळात दिसतच नाही. उरतात ते पाच-सहा. एकात फाईलच्या नावापुढे एम, म्हणजे बदललीय पण कमिट नाही. दुसऱ्यात दोन प्रश्नचिन्हं, म्हणजे नवीन फाईल गिटला ठाऊकच नाही. इथवर कुणीही करेल. पण एमआर त्याच्या खाली आणखी दोन गोष्टी दाखवतो: कमिट झालेल्या पण कुठल्याच रिमोटवर (सर्व्हरवरच्या प्रतीवर) न गेलेल्या ब्रँचेस, आणि स्टॅशमध्ये (कमिट न करता बाजूला ठेवायच्या कप्प्यात) कोंबून ठेवलेलं काम. नुसतं गिट स्टेटस छोट्या रूपात मारलं तर स्टॅश दिसत नाही. आमच्याकडे एका पतसंस्थेच्या मुदतठेवीच्या व्याजाची दुरुस्ती अशीच स्टॅशमध्ये झोपलेली सापडली. ज्याने ठेवली होती तोही विसरला होता. ही एक ओळ दिसली नसती तर मार्चअखेर आमच्या फोनला उसंत मिळाली नसती.

दुसरी आवडलेली गोष्ट नेट नसतानाची. वळवाचा पाऊस आला की आधी नेट जातं, मग लाईट, आणि इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहिला तरी पुश कुठे करणार? ‘एमआर रिमेंबर पुश’ म्हणून ठेवायचं. कमांड लगेच चालत नाही, लक्षात राहते. नेट आलं की ‘एमआर ऑनलाईन’ मारलं की साठलेलं सगळं एकामागून एक मारलं जातं. नेट नुसतं येतंय-जातंय अशी अवस्था असेल तर ‘एमआर ऑफलाईन’ सांगून ठेवायचं, मग फसलेल्या कमांड तोच जपून ठेवतो. असली सोय इतर टूलमध्ये मी पाहिलेली नाही.

नवीन माणूस आला की एमआरचा फायदा दिसतो. गेल्या खेपेला वालचंद कॉलेजमधून नुकताच पास झालेला एक पोरगा आला. कॉन्फिग फाईल त्याच्या होममध्ये टाकली, ‘एमआर मायनस जे ५ अपडेट’ मारायला सांगितलं आणि चहाला गेलो. जो रेपो नसेल तो अपडेट आधी स्वतः उतरवून घेतं. परत आलो तर पोरगा म्हणतो, “दादा, सगळं आलंय, पण कशात हात घालायचा ते सांगा.” त्याचं उत्तर एमआरकडे नाही. मायनस जे म्हणजे एका वेळी किती रेपोंवर काम करायचं तो आकडा. हाव करू नका. दहाच्या वर गेलात तर एसएसएचच्या (सर्व्हरशी जोडणाऱ्या) कनेक्शनची मर्यादा आडवी येते, हे एमआरच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. आणि पासवर्ड विचारणारं किंवा मर्जमध्ये (दोघांचे बदल एकत्र करताना) अडकणारं काम असेल तर मायनस जे नकोच. तिथे मायनस आय लावा. रेपो फसला की तो तिथेच शेल उघडून देतो, निस्तरा, एक्झिट म्हणा, पुढचा रेपो सुरू.

आता तक्रारी. ‘एमआर कमिट’ नुसतं कमिट करत नाही, गिटच्या बाबतीत पुशही करतं, आणि तेही बदललेलं सगळं उचलून. मॅन्युअल वाचणाऱ्याला माहीत असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण! नुसतं कमिट हवं तर ‘एमआर रेकॉर्ड’. मी कॉन्फिगच्या वरच्या डिफॉल्ट भागात कमिटची व्याख्याच बदलून टाकली, ती सोय आहे. तरी मुळात हे उलटं असायला हवं होतं.

दुसरं, रेपोंचं आपसातलं नातं त्याला कळत नाही. कुठल्या संस्थेकडे मूळ कोडची कुठली आवृत्ती चालू आहे, हे त्याला विचारू नका. ते आम्ही टॅग (आवृत्तीची खूण) लावूनच सांभाळतो, पूर्वीसारखं. फार तर ‘एमआर रन’ पुढे हवी ती गिटची कमांड देऊन सगळीकडचे टॅग एकदम बघता येतात.

तिसरं, टूल जुनं आहे. डेबियनमध्ये मिळते ती आवृत्ती जुलै २०१८ ची. रंगीबेरंगी काही नाही, मदत म्हणजे टर्मिनलवरचं मॅन पेज. मला याचा त्रास नाही. रोज बदलणाऱ्या टूलपेक्षा हे बरं. पण ज्याला चकचकीत लागतं त्याने गिता घ्यावं.

एक बारकी सोय सांगायची राहिली. बाहेरच्यांच्या दोन भल्यामोठ्या लायब्ऱ्या आम्ही उतरवून ठेवल्यात, त्या रोज पुल करण्यात अर्थ नाही. कॉन्फिगमधल्या स्किपच्या (वगळायच्या) ओळीत ‘अवर्स सिन्स’ हे फंक्शन देऊन बारा तासांतून एकदाच अपडेट व्हावं असं सांगता येतं. शेवटच्या हिशेबात त्या वगळलेल्यांत मोजल्या जातात, फसलेल्यांत नाही.

सुरक्षेचंही बघा. एमआरकॉन्फिग म्हणजे शेल कमांडचीच फाईल. होममधली सोडून दुसऱ्या फोल्डरातली अशी फाईल तो डोळे झाकून चालवत नाही. ती एमआरट्रस्ट फाईलमध्ये आपण नोंदवावी लागते. सगळ्यांवर विश्वास ठेवायला मायनस टी आहे, तो लावायची सवय लावून घेऊ नका. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्येच (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) वापरावं. आमच्या टेस्टिंगवाल्या ताईंच्या मशीनवर तसंच चालतंय, फक्त रेपो विंडोजच्या ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवले, नाहीतर स्टेटस फार रेंगाळतं.